छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांसाठी ट्रोपोनिनचं यंत्र : तालुक्याच्या दवाखान्याला द्यावं का?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या मंडळाकडे यंदा वर्गणीतून बऱ्यापैकी रक्कम शिल्लक आहे. दरवर्षी वह्यावाटप आणि रक्तदान शिबिर होतंच. या वेळी जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला उपकरण द्यावं, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी ट्रोपोनिन तपासणीचं छोटं यंत्र सुचवलंय. खाटेशेजारी ठेवायचं, थोडं रक्त घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटांत हार्ट अटॅक आहे की नाही ते कळतं, असं विक्रेत्यानं सांगितलं.

सुचवण्यामागे घरचं कारण आहे. गेल्या पावसाळ्यात मामांच्या छातीत रात्री जेवणानंतर आवळल्यासारखं झालं. अर्ध्या-पाऊण तासात तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, ठीक म्हणाले. कार्डावर रक्ताचा थेंब टाकून तपासणी केली, एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे पुन्हा दुखायला लागलं, घामानं अंथरूण भिजलं. सोलापूरला आणेपर्यंत उजाडलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, मामा वाचले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय. शेतात पूर्वीसारखं काम होत नाही.

चांगलं यंत्र असतं तर पहिल्याच वेळी कळलं असतं का? आणि असं यंत्र दिलं तर त्याचा खरोखर उपयोग होईल का? जाणकारांनी सांगावं.

कॅज्युअल्टीतला

भीमाकाठ, मामा वाचले हे ऐकून बरं वाटलं. मी सोलापुरातच आकस्मिक विभागात काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पाऊण तासात केलेल्या एका तपासणीत चांगल्या यंत्रावरही बहुधा कळलं नसतं.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. रक्तपुरवठा बंद पडून स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की ते रक्तात झिरपतं. झिरपायला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचण्यांत ते दिसायला साधारण तीन-चार तास जातात, सगळ्यात जास्त पातळी १२ ते २४ तासांत येते आणि नंतर आठवडाभर, कधी दोन आठवड्यांपर्यंत ते रक्तात सापडत राहतं. म्हणजे दुखायला लागून तासही झाला नसताना आलेल्या निगेटिव्ह अहवालाचा अर्थ ‘अटॅक नाही’ असा होत नाही. ‘अजून दिसत नाही’ एवढाच होतो. मामांना तिथेच बसवून ठेवून ईसीजी थोड्या थोड्या वेळानं पुन्हा काढायला हवा होता आणि रक्त तीन तासांनी परत तपासायला हवं होतं. यंत्र कोणतंही असो, चूक वाचते ती या दुसऱ्या तपासणीमुळे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. छातीत दुखणारा माणूस दारात आला की पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. त्यात एसटी चढलेला दिसला, म्हणजे मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, तर रक्ताच्या अहवालासाठी एक मिनिटही थांबायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, जे लवकर मिळेल त्याच्या मागे लागायचं. ‘ट्रोपोनिन येऊ द्या, मग बघू’ म्हणणारे मी पाहिलेत. त्या वीस मिनिटांत स्नायू मरत असतो.

मग यंत्र कशासाठी? ज्यांचा ईसीजी धड बिघडलेला नाही, पण लक्षणं संशयास्पद आहेत, त्यांच्यासाठी. कॅज्युअल्टीत छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांत हेच जास्त असतात आणि कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे ठरवणं इथेच अवघड जातं.

शेंगाचटणी

डॉक्टर साहेब, ईसीजी नॉर्मल आला म्हंजे झालं, असंच आमच्याकडं सगळे धरून चाललेत. माझ्या आईला १५ वर्षांपासून शुगर हाय. मागच्या महिन्यात तिचं पोटाच्या वरच्या बाजूला दुखालतं, उलटीसारखं होलतं. छातीत काहीच नाही म्हणाली. मी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी बरी झाली. पण हे वाचून पोटात गोळा आला बघा.

कॅज्युअल्टीतला

दादा, आईंना एकदा दाखवूनच घ्या, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बायकांत छातीत न दुखताही अटॅक येतो. दम लागणं, घाम, मळमळ, जबडा किंवा खांदा दुखणं, वरच्या पोटात जळजळ, नुसता विलक्षण थकवा, यांतलं काहीही असू शकतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक तर अनेकदा पोटदुखी आणि उलटीच्या रूपात येतो. आणि हो, अटॅक असूनही पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक नेहमीच्या १२ लीडमध्ये (छाती आणि हातापायांना तारा लावून काढलेल्या १२ नोंदींत) नीट दिसत नाही, त्यासाठी पाठीवर वेगळ्या लीड लावाव्या लागतात.

रक्तनलिका

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. विक्रेता ज्याला ‘ट्रोपोनिन’ म्हणतो ती एकच वस्तू नसते, हे मंडळानं आधी समजून घ्यावं.

एक असतं साधं कार्ड, मामांना केलं तसलं. दुसरी रेघ आली की पॉझिटिव्ह, नाही आली की निगेटिव्ह. आकडा नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक ट्रोपोनिन-आय (ट्रोपोनिनचा एक प्रकार) कार्डांवर ही रेघ उमटायला मिलिलिटरला ०.५ नॅनोग्राम लागतं. ते लिटरमध्ये मोजलं तर ५०० नॅनोग्राम झालं. आता मोठ्या लॅबमधल्या अतिसंवेदनशील, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणाऱ्या चाचणीशी तुलना करा. अ‍ॅबटच्या लॅबमधल्या यंत्रावर निरोगी माणसाची वरची मर्यादा बायकांसाठी लिटरला १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्राम धरतात. म्हणजे कार्डावर रेघ दिसेपर्यंत पातळी मर्यादेच्या पुरुषांत साधारण पंधरापट, बायकांत तीसपट वर गेलेली असते. छोटा अटॅक कार्डाच्या नजरेतून सुटू शकतो, मोठाही पहिल्या काही तासांत सुटतो.

दुसरं असतं कार्टरिजवर (एकदाच वापरायच्या तपासणीच्या डबीवर) चालणारं हातातलं किंवा टेबलावरचं यंत्र. ते आकडा देतं. ॲबटचं आय-स्टॅट हे त्यातलं जुनं आणि जास्त वापरलं गेलेलं. यांना रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची गरज नसते, अख्खं रक्त चालतं, म्हणून वेळ वाचतो. सीमेन्सचं एक यंत्र तर बोटाच्या रक्तावर साधारण आठ मिनिटांत अतिसंवेदनशील आकडा देतं. पण यातही काही जुन्या संवेदनशीलतेची आहेत, काही नव्या. विकत घेताना ‘अतिसंवेदनशील आहे का’ हे लेखी विचारा. निकष असा: निरोगी माणसांपैकी निम्म्यांहून जास्त लोकांत चाचणीला मोजता येण्याजोगं ट्रोपोनिन सापडलं पाहिजे आणि वरच्या मर्यादेपाशी तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजल्यास आकड्यातला फरक १० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे.

आणि एकक बघा! कुठे मिलिलिटर, कुठे लिटर. ०.०४ आणि ४० हे एकच असू शकतं. नातेवाईक दोन अहवाल शेजारी ठेवून घाबरतात किंवा निश्चिंत होतात, दोन्ही चुकीचं.

भीमाकाठ

रक्तनलिका ताई, हे विक्रेत्यानं अजिबात सांगितलं नव्हतं. मग अतिसंवेदनशील यंत्र घेतलं तर तीन तासही थांबावं लागत नाही का?

कॅज्युअल्टीतला

थांबावं लागतं, पण कमी. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आल्याबरोबर एक आणि एका तासानं दुसरी अशी तपासणी सुचवली, २०२० च्या सूचनांत ० आणि १ तास किंवा ० आणि २ तास यांना पसंती दिली. यात एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. पातळी चढत असेल तर आत्ता काहीतरी घडतंय. पहिलाच आकडा अगदी कमी असेल आणि दुखायला लागून तीन तासांहून जास्त वेळ झाला असेल, तर एका तपासणीवरही अटॅक बहुतांशी नाकारता येतो. पण लक्षात घ्या, हे कमी-जास्तचे आकडे प्रत्येक यंत्राचे वेगळे ठरलेले असतात. एका यंत्राचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही.

यातूनच आपल्या जिल्ह्यापुरती एक मोठी अडचण निघते. समजा तालुक्याला पहिली तपासणी छोट्या यंत्रावर झाली आणि दुसरी सोलापुरात मोठ्या लॅबमध्ये. दोन आकड्यांची वजाबाकी करता येत नाही! ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय तर वेगळी प्रथिनंच आहेत, पण आय आणि आय यांचंही दोन कंपन्यांत जमत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच जागी, एकाच यंत्रावर व्हायला हव्यात, नाहीतर सोलापुरात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

किडनीचा पेशंट

माझं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. माझं ट्रोपोनिन कायम वाढलेलंच येतं. एकदा एका डॉक्टरांनी अटॅक म्हणून भरती करून घेतलं, नंतर काही नव्हतं. आमच्यासारख्यांना या यंत्राचा काय उपयोग?

कॅज्युअल्टीतला

उपयोग आहे, पण एका आकड्याचा नाही. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा आहे, एवढंच ते सांगतं. इजा कशामुळे, ते सांगत नाही. किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, फुप्फुसात अडकलेली गुठळी, हृदयाच्या स्नायूची सूज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, खूप वेगानं पडणारे ठोके, कशातही ते वाढतं. हार्ट अटॅकच्या २०१८ च्या जागतिक व्याख्येत म्हणूनच ‘इजा’ आणि ‘इन्फार्क्शन’ (रक्तपुरवठा कमी पडून स्नायू मरणं, म्हणजे अटॅक) स्पष्ट वेगळे केलेत. तुमचा नेहमीचा आकडा कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. दुखलं तर तो दाखवा. तुमच्या बाबतीत चढ-उतारच बघायचा.

उलट बाजूही सांगतो. ट्रोपोनिन दोनदा नॉर्मल आलं म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं नाही. चालताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, आणि हे हल्ली कमी चालण्यात व्हायला लागलंय, असं सांगणाऱ्याचा स्नायू अजून मेलेला नसतो, पण धोका टांगलेला असतो. त्याला घरी पाठवताना हृदयरोगतज्ज्ञाची तारीख हातात देऊनच पाठवायचं.

केसांचीकाळजी

एक लहानसा प्रश्न. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. त्यानं रक्ततपासण्या चुकतात असं वाचलं होतं. खरं का?

रक्तनलिका

खरं आहे. काही चाचण्यांत बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. सगळ्या चाचण्यांत होत नाही. रक्त घेणाऱ्याला गोळी चालू आहे एवढं सांगायचं.

एकशेआठ

मी १०८ वर डॉक्टर आहे. जिल्ह्याच्या कडेच्या तालुक्यांतून रुग्ण आणतो. बाकीच्यांनी शास्त्र सांगितलं, मी रस्ता सांगतो.

छातीत दुखणारा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून गावातल्या डॉक्टरकडे जातो. तिथून कुणाची तरी जीप ठरते, ती तालुक्याला. तिथून १०८. तिथून सोलापूर. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-पाऊण तास. करमाळ्याच्या बाजूनं किंवा माळशिरसच्या टोकाकडून येणाऱ्याचं आधीच खूप नुकसान झालेलं असतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देता येतं हे खरं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो फायदा असतो तो नंतर झपाट्यानं घटतो. अशा इंजेक्शनांपैकी टेनेक्टेप्लेज वजनानुसार एका दमात शिरेतून देता येतं. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, अर्ध्या ते एक तासात. हे तालुक्यालाच देऊन मग रुग्ण पुढे पाठवायचा, अशी पद्धत तमिळनाडूनं राबवून दाखवली: लहान दवाखाने मोठ्या अँजिओप्लास्टी केंद्राला जोडलेले, ईसीजी तिकडे दिसतो, तिथून सल्ला येतो. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि या जोडणीनंतर एका वर्षातला मृत्युदर कमी झालेला दिसला. त्यात ट्रोपोनिन मध्यवर्ती नव्हतं. ईसीजी आणि फोन होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्या दवाखान्याला तुम्ही यंत्र देणार, तिथे रात्री तीन वाजता १२ लीडचा ईसीजी निघतो का आणि तो वाचणारा कोणी फोनवर असतो का, हे आधी बघा. नसेल तर पैसे तिकडे घाला.

हिशेबनीस

मीही तेच म्हणणार होतो, पैशाच्या बाजूनं. यंत्राची किंमत एकदाच, कार्टरिजचा खर्च दर रुग्णाला, आणि प्रत्येकाला दोन वेळा तपासायचं म्हणजे दोन कार्टरिज. पहिल्या वर्षाचा साठा संपला की पुढे कोण भरणार? देणगीचे फलक लावलेली आणि प्लास्टिकच्या खोळीत पडून असलेली यंत्रं मी पाहिलीत. देणाऱ्याचा फोटो निघतो, रुग्णाला काही मिळत नाही. मंडळानं वाईट वाटून घेऊ नये, पण हा पैसा लोकांच्या घामाचा आहे, यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्यांनी दिलेली वर्गणी आहे.

भीमाकाठ

वाईट कशाला वाटेल? याच प्रश्नासाठी धागा काढला. पण १०८ वाल्या डॉक्टरांना विचारतो, ईसीजी ठीक आलेल्या माझ्या मामांसारख्यांचं काय? त्यांच्यासाठी तर फोनवरचा तज्ज्ञही ‘ठीक आहे’च म्हणाला असता.

एकशेआठ

बरोबर पकडलंत. तिथे यंत्र लागतंच. आणि मी यंत्राच्या विरोधात नाही. ईसीजीत काही नाही, म्हणून ‘खात्री करा’ असं लिहून ६०-७० किलोमीटर पाठवलेले आणि सोलापुरात ‘काही नाही’ म्हणून परत गेलेले रुग्ण मी रोज नेतो. एका घराची दोन दिवसांची मजुरी, गाडीचं भाडं, वर भरतीचं बिल. तेवढ्या वेळात माझी गाडी खऱ्या अटॅकसाठी उपलब्ध नसते.

कॅज्युअल्टीतला

याच मुद्द्यावर नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला आहे, आर्टिका नावाचा. कमी धोक्याच्या रुग्णांची ट्रोपोनिन तपासणी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी जागेवरच केली आणि पातळी कमी असेल तर रुग्णाला रुग्णालयात न नेता त्याच्या फॅमिली डॉक्टरच्या हवाली केलं. ३० दिवसांत खर्च कमी झाला आणि हृदयाच्या गंभीर घटनांचं प्रमाण अगदी कमी राहिलं. पण ‘कमी धोका’ ठरवायला त्यांनी हार्ट स्कोअर वापरला: लक्षणांची हकिगत, ईसीजी, वय, जोखमीच्या गोष्टी आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला ० ते २ गुण. एकूण ३ पर्यंत कमी धोका. आणि सगळ्यांना दुखायला लागून किमान दोन तास झालेले होते. मामा त्यात बसलेच नसते.

याउलट ब्रिटनमधल्या २०११ च्या रॅटपॅक अभ्यासात खाटेशेजारच्या तपासणीमुळे चार तासांत सुखरूप घरी जाणारे १३ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेले, पण एकूण खर्च काही कमी झाला नाही. म्हणजे हिशेबनीस यांची शंका रास्त आहे. यंत्र आलं म्हणून पैसे वाचतात असं गृहीत धरू नका.

आपल्याकडे अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो. त्यामुळे ‘वय कमी, धोका कमी’ हा गुण देताना हात जरा आखडता ठेवावा, असं मला वाटतं. तंबाखू खाणारा ३८ वर्षांचा माणूस मी कमी धोक्यात टाकत नाही.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, जिल्ह्यातल्याच. कुठल्या ते लिहीत नाही.

रात्री आम्ही दोघी असतो आणि एक डॉक्टर. एक बाळंतपण चालू असतं, एक विंचूदंश आलेला असतो, तेवढ्यात छातीत दुखणारा येतो. ईसीजी मशीन आहे, पण रोल संपलेला असतो. जेल नसतं, पाणी लावून काढतो. लीड ढिल्या झाल्या की रेषा नुसती थरथरते आणि तोच ईसीजी पुढे व्हॉट्सॲपवर जातो. मंडळ खरंच विचारत असेल तर माझी मागणी आधी रोल, लीडचा नवीन संच आणि डिफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची) बॅटरी. हे मागितलं की लोकांना लहान वाटतं, म्हणून कोणी देत नाही.

यंत्र आलं तर आम्ही शिकू, अवघड नाही. ग्लुकोमीटर शिकलोच की. पण कार्टरिज ठेवायचे कुठे? बऱ्याच प्रकारांना २ ते ८ अंश लागतं. आमच्याकडे चांगला फ्रिज आहे तो लसींचा, त्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मग वेगळा फ्रिज आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर.

रक्तनलिका

रात्रपाळी ताई, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. काही यंत्रं खोलीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की तपासणीच सुरू करत नाहीत. साधी कार्डंसुद्धा ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात, आणि ती पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पडलेली मी पाहिली आहेत. अशा कार्डावर रेघ आली नाही तर ती रुग्णामुळे आली नाही की उन्हामुळे, कोण सांगणार? म्हणून यंत्राबरोबर गुणवत्ता तपासायचं द्रावण, त्याची नोंदवही आणि खोलीला एसी किंवा निदान थंड कोपरा, हे धरूनच खर्च काढा.

शेंगाचटणी

आईला नेऊन आणलो. ईसीजीत जुना फरक हाय म्हणाले, इको केलं, गोळ्या चालू केल्या, पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी ठरली. डॉक्टर साहेब, तुमचे उपकार. एक सांगा, घरात डिस्प्रिन आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट ठेवावी का?

कॅज्युअल्टीतला

वेळेत नेलंत, फार चांगलं केलंत. आईंसाठी त्यांच्याच डॉक्टरांना विचारून घ्या. सर्वसाधारण सांगायचं तर ॲस्पिरिन (डिस्प्रिनमधलं औषध) ३०० मिलिग्रामच्या आसपास, चावून, लवकर, याचा फायदा पक्का आहे. १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात १७ हजारांहून जास्त रुग्णांत ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ पाव हिश्शानं कमी केले. ॲलर्जी, काळी शौच, रक्ताची उलटी, तोंड वाकडं किंवा हातपाय लुळे असतील तर द्यायची नाही. छाती फाटल्यासारखी अचानक पाठीत कळ गेली असेल तरीही नाही, कारण मुख्य धमनी चिरलेली असू शकते. सॉर्बिट्रेट मात्र मनानं देऊ नका. रक्तदाब आधीच पडलेला असेल तर तो आणखी कोसळतो. आणि गोळी दिली म्हणून घरी थांबायचं नाही, १०८ लावायचा.

भीमाकाठ

काल मंडळाची बैठक झाली. सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: पहिल्या टप्प्यात रात्रपाळी ताईंनी सांगितलेल्या वस्तू आणि १२ लीडचा चांगला ईसीजी. रक्कम रुग्ण कल्याण समितीमार्फत, वैद्यकीय अधीक्षकांना भेटून. यंत्राचा दुसरा टप्पा, आणि तो दोन वर्षांचे कार्टरिज, वेगळा फ्रिज आणि प्रशिक्षण यांची तरतूद झाल्याशिवाय सुरू करायचा नाही. पहिल्या तपासणीनंतर दुसरी होईपर्यंत रुग्णाला बसवून ठेवायला दोन खाटा आणि भिंतीवर घड्याळ, दुखायला लागल्याची वेळ लिहायला फळा, हेही त्यात घातलंय. रक्तनलिका ताई, अधीक्षकांना भेटायला आमच्याबरोबर याल का?

रक्तनलिका

येते. जाण्याआधी त्या खोलीत कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर आठवडाभर लावून नोंद घ्या. कोणतं यंत्र चालेल ते त्या नोंदीवरूनच ठरवू.

रात्रपाळी

आणि प्रशिक्षण ठेवाल ते एकदाच दुपारी ठेवू नका. रात्रपाळीच्या सिस्टर तेव्हा झोपलेल्या असतात आणि छातीत दुखणारे बहुतेक आमच्याच वाट्याला येतात.